घरच्या विजेचा पहारेकरी

वैशाखाच्या उत्तरार्धात जबलपूर शहरावर ऊन असे कोसळते की, मदनमहालच्या टेकड्यांवरील कातळ सूर्यास्तानंतरही कितीतरी वेळ धग सोडीत राहतात. पारा चाळीस-बेचाळीस अंशांच्या घरात असतो. अशा संध्याकाळी घरोघरी जवळजवळ एकाच वेळी वातानुकूलक यंत्रे सुरू होतात, कूलर घरघरू लागतात, पाण्याचे पंप चालू होतात आणि स्वयंपाकघरात इंडक्शनची शेगडी तापते. या साऱ्याचे ओझे ज्या वस्तूवर पडते, ती मात्र जिन्याखाली, दाराआड किंवा ओसरीच्या कोपऱ्यात धूळ खात असते. ती वस्तू म्हणजे मीटरजवळचा मेन स्विच आणि त्याच्या शेजारची फ्यूजची फळी. घरात नवे यंत्र आले की त्याला हळदकुंकू वाहिले जाते. परंतु त्या यंत्राला वीज पुरविणाऱ्या फळीकडे, ती जळाल्याचा वास येईपर्यंत, कोणी वळूनही पाहत नाही.

जबलपूरचा आणि विजेचा संबंध तसा निकटचा आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले, तेव्हा राजधानीचा मान भोपाळला आणि उच्च न्यायालयाचा जबलपूरला मिळाला. राज्याच्या वीजमंडळाचे मुख्य कार्यालयही जबलपुरातच राहिले. रामपूर भागातील ‘शक्तिभवन’ या वास्तूचे नाव शहरात कोणालाही विचारावे. मंडळाचे विभाजन होऊन २००५ पासून उत्पादन, पारेषण आणि वितरण यांचा कारभार निरनिराळ्या कंपन्या स्वतंत्रपणे पाहू लागल्या. पूर्व मध्यप्रदेशाला वीज वाटणाऱ्या कंपनीचे मुख्यालयही येथेच आहे. शहरापासून थोड्या अंतरावर नर्मदेवर बरगी धरण असून त्याच्या पायथ्याशी ९० मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत् केंद्र आहे. वीज येथे दुर्मिळ नाही. प्रश्न आहे तो घरात आलेली वीज आपण किती सावधपणे वागवतो याचा.

जुनी फळी आणि नवे ओझे

नेपियर टाउन, राइट टाउन, गोलबाजार या जुन्या वस्त्यांतून अद्यापही अनेक प्रशस्त, उंच छतांची घरे उभी आहेत. १९५६ पूर्वी जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. सरकारी नोकरीच्या, न्यायालयाच्या आणि कारखान्यांच्या निमित्ताने येथे आलेली मराठी कुटुंबे अशा घरांतून पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. त्या काळच्या घरात विजेची जोडणी होई ती चार-सहा दिवे, दोन-तीन पंखे आणि एखादा रेडिओ एवढ्यासाठी. लाकडी पट्ट्यांवरून रबरी आवरणाच्या तारा नेलेल्या असत. मीटरपाशी लोखंडी पेटीतला पंधरा अँपिअरचा मेन स्विच आणि चिनी मातीचे, ज्यांना बाजारात ‘किटकॅट’ म्हणतात ते, फ्यूज असत. त्या गरजेला ही व्यवस्था पुरेशी होती.

आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. तेव्हा पंधरा अँपिअरच्या स्विचमधून सुरक्षितपणे वाहू शकणारी शक्ती म्हणजे २३० गुणिले १५, अर्थात् सुमारे ३,४५० वॉट. आजच्या घरातील केवळ एक गिझर आणि एक वातानुकूलक मिळून ही मर्यादा गाठतात. त्यात इस्त्रीची भर पडली की ती ओलांडली जाते. शिवाय तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या प्रमाणात वाढत नाही, ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे रबरी आवरण एव्हाना वाळून ठिसूळ झालेले असते. चौपट उष्णतेने त्याचे काय होईल हे सांगावयास नको.

विजेचा हा कोप किती भयंकर असतो याचा कटू अनुभव या शहराने घेतलेला आहे. १ ऑगस्ट २०२२ रोजी दुपारी दमोह नाक्याजवळील एका खाजगी रुग्णालयाला आग लागून आठ जणांचा अंत झाला. प्राथमिक चौकशीत विजेच्या दोषाकडेच बोट दाखविले गेले. देशभरचे चित्रही समाधानकारक नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांप्रमाणे २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षांत विजेच्या धक्क्याने मृत्यू पावलेल्यांची संख्या दरवर्षी दहा हजारांहून अधिक होती.

पहारा कोणावर?

फ्यूज किंवा स्वयंचलित स्विच हा आपल्या यंत्रांच्या रक्षणासाठी असतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो पुरता खरा नाही. फ्यूजचे पहिले कर्तव्य भिंतीतील तारेचे रक्षण करणे हे आहे. तार जेवढा प्रवाह सुखरूप वाहून नेऊ शकते, त्याहून अधिक प्रवाह वाहू लागला की त्याने स्वतः तुटून वाट बंद करावयाची. तो तारेचा पहारेकरी आहे. घरातील साऱ्या सुरक्षिततेचे मर्म या एका वाक्यात आहे.

आता नेहमी घडणारा प्रकार पाहू. उन्हाळ्यात फ्यूज वारंवार जाऊ लागतो. घरचे कोणी तरी, किंवा गल्लीतला एखादा अर्धशिक्षित कारागीर येतो, ‘तार बारीक पडते’ असे निदान करतो, आणि फ्यूजमध्ये जाड तार किंवा वायरचे तीन-चार पेड पिळून घालतो. फ्यूज जाणे थांबते. घरातील मंडळी त्या कारागिराला दुवा देतात. प्रत्यक्षात त्याने केले ते एवढेच की, चोर आला असता ओरडणाऱ्या पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबला. चोर गेलेला नाही. आता ओरडणारा मात्र कोणी उरला नाही. भिंतीतील तार पूर्वीइतकीच बारीक आहे, तिच्यावरील ओझे पूर्वीइतकेच जड आहे, आणि तापल्यावर वितळावयास आता ती स्वतःच तेवढी शिल्लक आहे.

फ्यूजच्या तारेची जाडी ही कोणाच्या मर्जीची गोष्ट नाही. कल्हई केलेल्या तांब्याची ०.२ मिलिमीटर व्यासाची तार पाच अँपिअरसाठी, ०.५ मिलिमीटरची पंधरा अँपिअरसाठी आणि ०.८५ मिलिमीटरची तीस अँपिअरसाठी असते. तीही तत्काळ तुटते असे नाही. अंकित क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट प्रवाह झाल्यावाचून ती वितळत नाही. म्हणूनच आज किटकॅट फ्यूजच्या ऐवजी एम.सी.बी. नावाचे स्वयंचलित स्विच बसविणे सर्व दृष्टींनी हितावह ठरते. घरगुती एम.सी.बी. अंकित प्रवाहाच्या १.४५ पट प्रवाह झाला असता तासाभराच्या आत पडलाच पाहिजे, असा दंडक आहे. शॉर्टसर्किट झाल्यास तर तो निमिषार्धात पडतो. त्यात जाड तार घालण्याची सोयच नसल्याने अर्धशिक्षित कारागिराच्या हाताला तेथे काम नाही.

परंतु एम.सी.बी.च्या बाबतीतही तीच जुनी चूक नव्या रूपाने होते. सोळा अँपिअरचा स्विच पडतो म्हणून त्याच जागी बत्तीसचा बसविला जातो. तार तीच राहते. पहारेकरी गणवेशातला आला, पण त्याच्याही तोंडात बोळा आहेच. तारेवाचून स्विच वाढवू नये, हा नियम प्रत्येक गृहस्थाने आणि गृहिणीने मनावर कोरून ठेवावा.

आधी हिशेब, मग पेटी

नवी वितरण-पेटी किती मोठी घ्यावी, हे दुकानदाराला विचारण्याआधी घरी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. प्रत्येक यंत्राच्या पाठीमागे एक पट्टी असते व तिच्यावर वॉटचा आकडा छापलेला असतो. ते आकडे उतरवून घ्यावेत. उदाहरणादाखल एक मध्यम कुटुंब कल्पू. दिवे मिळून १०० वॉट, पाच पंख्यांचे ३७५, दूरचित्रवाणी व इतर किरकोळ उपकरणांचे २००, फ्रिजचे २००, कूलरचे २००, धुलाई यंत्राचे ५००, मिक्सरचे ७५०, इस्त्रीचे १,०००, पाण्याच्या पंपाचे ५००, गिझरचे २,०००, इंडक्शन शेगडीचे २,००० आणि दीड टनी दोन वातानुकूलकांचे प्रत्येकी १,६०० प्रमाणे ३,२००. बेरीज ११,०२५ वॉट होते. २३० ने भागल्यास सुमारे ४८ अँपिअर येतात.

हा आकडा पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. घरातील सर्व यंत्रे एकाच क्षणी कधीच चालत नाहीत. गिझर आणि वातानुकूलक यांची गाठ क्वचितच पडते. म्हणून वर्षातील दोन सर्वांत जड वेळा शोधाव्यात. आपल्या कल्पित कुटुंबात मे महिन्याच्या संध्याकाळी दोन्ही वातानुकूलक, पंखे, दिवे, फ्रिज, दूरचित्रवाणी, इंडक्शन आणि पंप मिळून ६,५७५ वॉट होतात. पौषातल्या थंड सकाळी गिझर, इंडक्शन, इस्त्री, मिक्सर, पंप, फ्रिज आणि दिवे मिळून ६,५५० वॉट होतात. दोन्ही वेळांचे ओझे जवळजवळ सारखेच, म्हणजे सुमारे २९ अँपिअर निघाले. पुढील काही वर्षांच्या वाढीसाठी त्यात पाव हिस्सा मिळवावा. ३६ अँपिअर होतात. त्याच्या वरचे प्रचलित माप ४० अँपिअर. तेव्हा या घराचा मुख्य स्विच चाळीस अँपिअरचा असावा.

विजेवर चालणारी दुचाकी किंवा मोटार घ्यावयाची असल्यास तिचाही विचार याच वेळी करावा. मोटारीचे घरगुती चार्जर ३.३ किलोवॉटपासून पुढे असतात आणि ते रात्रभर अखंड चालतात. पाच मिनिटे चालणाऱ्या मिक्सरपेक्षा तासन् तास चालणारे असे ओझे तारांना अधिक तापविते.

तार आणि स्विच यांची जोडी

मुख्य स्विच ठरला, तरी काम अर्धेच झाले. आता प्रत्येक मंडलाची, म्हणजे पेटीतून निघून काही ठराविक दिवे किंवा प्लग यांना वीज देणाऱ्या प्रत्येक फाट्याची, तार आणि तिचा स्विच यांची जोडी जुळवावयाची. दुकानात ‘दीड एमएम’, ‘अडीच एमएम’ अशी जी भाषा चालते, ते तारेच्या छेदाचे चौरस मिलिमीटरमधील क्षेत्रफळ असते. नळीतून नेलेल्या प्लास्टिक आवरणाच्या तांब्याच्या तारांची क्षमता सावधपणे धरावयाची तर अशी धरावी : दीडची १३ अँपिअर, अडीचची १८, चारची २४, सहाची ३१ आणि दहाची ४२. स्विचचा आकडा नेहमी तारेच्या आकड्यापेक्षा कमी असावा. म्हणजे दीडच्या तारेवर सहा किंवा फार तर दहा, अडीचवर सोळा, चारवर वीस, आणि मुख्य स्विच चाळीसचा असल्यास मीटरपासून पेटीपर्यंतची तार दहाची.

येथे जबलपूरसारख्या उष्ण शहरातील रहिवाशांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तारांच्या क्षमतेचे हे आकडे भोवतालचे तापमान चाळीस अंश गृहीत धरून ठरविलेले असतात. मे महिन्यात गच्चीच्या स्लॅबमध्ये बसविलेल्या नळीतील उष्णता त्याच्याही पलीकडे जाते, आणि एका नळीत अनेक तारा कोंबल्या असतील तर त्या एकमेकींना तापवितात. अशा ठिकाणी एक माप वरची तार घेणे आणि नळ्या मोकळ्या ठेवणे हेच शहाणपणाचे. तारेतील वाचविलेले पैसे अखेरीस महाग पडतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांब्याच्या टंचाईमुळे अनेक घरांत अॅल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. त्याच मापाच्या तांब्याच्या तारेपेक्षा त्या कमी प्रवाह वाहतात. स्क्रूखाली हळूहळू सैल होतात आणि तांब्याशी थेट जोडल्या असता सांध्यावर गंज धरतो. सांधा सैल झाला की तो तापतो, तापला की आणखी सैल होतो. आगीचे मूळ पुष्कळदा तारेच्या मधोमध नसते, ते अशाच एखाद्या सांध्यात दडलेले असते. असे सांधे ठेवणे भाग असेल तर दोन्ही धातूंसाठी बनविलेली खास टोके वापरावीत.

पेटीची रचना

आमच्या कल्पित घरासाठी बारा स्विचांची जागा असलेली पेटी योग्य होईल. दिवे-पंख्यांची दोन मंडले. मान्य पद्धतीप्रमाणे एका मंडलावर दहापेक्षा अधिक बिंदू आणि ८०० वॉटपेक्षा अधिक भार नसावा. स्वयंपाकघराची दोन, गिझरचे एक, प्रत्येक वातानुकूलकाचे स्वतंत्र याप्रमाणे दोन, धुलाई यंत्र व इस्त्री यांचे एक आणि पंपाचे एक. ही नऊ झाली. उरलेल्या तीन जागा रिकाम्या ठेवाव्यात. आज त्या व्यर्थ वाटतील. परंतु उद्या नवे यंत्र आले म्हणजे जुन्या मंडलाच्या पाठीवर नवे ओझे लादण्याचा मोह त्यांच्यामुळेच टळेल.

पंप आणि वातानुकूलक सुरू होताना क्षणभर नेहमीच्या अनेकपट प्रवाह ओढतात. त्यांच्यासाठी ‘सी’ जातीचा एम.सी.बी. घ्यावा. तो अंकित प्रवाहाच्या पाच ते दहा पट झटक्याला तत्काळ पडतो, म्हणून सुरुवातीचा साधा हिसका सहन करतो. दिवे आणि गिझर यांना ‘बी’ जातीचा, म्हणजे तीन ते पाच पटीला पडणारा, चालतो.

जुन्या फळ्यांमध्ये एक घातक गोष्ट आढळते, ती म्हणजे फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांत स्वतंत्र फ्यूज. न्यूट्रलचा फ्यूज गेला की दिवा विझतो; माणसाला वाटते की वीज गेली. परंतु फेजची तार जिवंतच असते आणि दिव्याला हात लावणारा फसतो. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनीच असा स्वतंत्र फ्यूज न्यूट्रलमध्ये ठेवण्यास मनाई केली होती. आपल्या घरात तो अद्याप असेल तर फळी बदलण्यास तेवढे एकच कारण पुरे आहे.

घरात इन्व्हर्टर असेल, किंवा गच्चीवर सौर पट्ट्या बसविल्या असतील, तर पेटीवर तशी ठळक पाटी लावावी. मुख्य स्विच पाडला तरी इन्व्हर्टरवरील तारांत वीज असतेच, आणि ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. प्रत्येक स्विचखाली तो कशाचा आहे हे मराठीत किंवा घरातील सर्वांना वाचता येईल अशा भाषेत लिहून ठेवणे, हा तर अर्ध्या तासाचा उद्योग आहे.

माणसाचा रक्षक

एम.सी.बी. तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. गिझरच्या आतील तारेचे आवरण फाटले आणि ओल्या हाताने नळ धरला, तर देहातून शंभर मिलिअँपिअर प्रवाह वाहिला तरी प्राण जाऊ शकतो. सोळा अँपिअरच्या स्विचला एवढ्याशा प्रवाहाची दखलही लागत नाही.

यासाठी आर.सी.सी.बी. नावाचे दुसरे उपकरण असते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही, हे ते अखंड तोलून पाहते. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचला, म्हणजे कोठे तरी, कदाचित् कोणाच्या देहातून, वीज जमिनीकडे वळली आहे असे ओळखून ते सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडते. ६० वॉटच्या जुन्या दिव्यातून जेवढा प्रवाह वाहतो, त्याच्या जेमतेम आठव्या-नवव्या हिश्श्याएवढा हा फरक आहे. इतका सूक्ष्म न्याय घरातील दुसरे कोणतेही उपकरण करीत नाही.

परंतु त्याच्याही मर्यादा ओळखाव्यात. अतिभार किंवा शॉर्टसर्किट यांच्यावर ते काम करीत नाही, तेथे एम.सी.बी. हवाच. एखाद्याने एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तरीही ते वाचवू शकत नाही. त्याची अंकित क्षमता मुख्य स्विचइतकी किंवा त्याहून अधिक असावी. शक्य असल्यास घरासाठी अशी दोन उपकरणे घ्यावीत, म्हणजे गिझरच्या दोषाने फ्रिज आणि दिवे बंद पडणार नाहीत. मात्र दोन्हींच्या न्यूट्रल तारा एकमेकींत मिसळता कामा नयेत. नव्या पेटीतील आर.सी.सी.बी. विनाकारण पडत असल्याची तक्रार पुष्कळदा या मिसळीतूनच उद्भवते, आणि मग कंटाळून ते उपकरणच काढून टाकले जाते. रोगाची खूण पुसल्याने रोग जात नाही. त्याच्यावर एक छोटे बटन असते. ते अधूनमधून दाबून पाहावे. दाबताच स्विच पडला पाहिजे. न पडल्यास तो निकामी झाला असे समजून बदलावा.

जमिनीशी नाते

पेटी कितीही उत्तम असली तरी अर्थिंगवाचून ती अपुरी आहे. यंत्राच्या लोखंडी अंगात वीज उतरली तर तिला जमिनीत जाण्यास सोपी वाट हवी. नाही तर ती वाट माणसाच्या देहातून निघते. या बाबतीत जबलपूरची भूमी दुहेरी स्वभावाची आहे. सखल भागातील काळी माती ओलावा धरून ठेवते व विजेला सहज सामावून घेते. याउलट मदनमहालकडील खडकाळ भागात ग्रॅनाइटचा कातळ विजेला अडवितो. तेथे एका नळीने भागत नाही. दोन-तीन नळ्या परस्परांपासून अंतरावर पुरून एकत्र जोडाव्या लागतात.

अर्थिंगची जस्तलेपित नळी निदान अडीच मीटर लांबीची असावी. तिच्याभोवती कोळसा व मीठ यांचे थर घालून वरून पाणी ओतण्याची सोय ठेवण्याची पद्धत आहे. घरच्या अर्थिंगचा रोध साधारणपणे पाच ओहमपेक्षा अधिक नसावा. खडकाळ जमिनीत आठपर्यंत चालवून घेतात. उन्हाळ्यात, म्हणजे ज्या दिवसांत विजेचे ओझे सर्वांत जड असते नेमक्या त्याच दिवसांत, जमीन वाळून हा रोध वाढतो. तुळशीला पाणी घालणाऱ्या हाताने आठवड्यातून एकदा अर्थिंगच्या खड्ड्यातही दोन बादल्या पाणी घालावे.

आणखी एक सूचना. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंपाचा जबर हादरा बसला होता. ज्या घरांच्या भिंतींना तेव्हा तडे गेले आणि पुढे ते गिलावा करून बुजविले गेले, त्या भिंतींतील नळ्या व तारा तपासून घेतल्या नसतील, तर पेटी बदलताना ते काम अवश्य उरकून घ्यावे.

काम कोणी आणि कसे करावे?

वितरण-पेटी बदलणे हे घरच्या घरी करण्याचे काम नव्हे. मीटरपर्यंतची तार मेन स्विच पाडला तरी जिवंतच असते. मीटर, त्याचे सील आणि खांबावरून येणारी तार ही वितरण कंपनीच्या ताब्यातील वस्तू होत. त्यांना हात लावणे बेकायदा आणि जीवघेणे आहे. म्हणून काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि क्रम असा ठेवावा : प्रथम भाराचा हिशेब, नंतर तारांची तपासणी, मग वितरण कंपनीकडे मंजूर भार वाढविण्याचा अर्ज, आणि शेवटी पेटी. वीजबिलावर मंजूर भाराचा आकडा छापलेला असतो. आपला प्रत्यक्ष भार त्याहून अधिक असेल तर खांबावरून येणारी तार आणि मीटर हेदेखील अपुरे ठरतात. आत नवी पेटी बसवून ती उणीव भरून निघत नाही. एका ठराविक मर्यादेपलीकडे तीन फेजची जोडणी घ्यावी लागते. ही मर्यादा राज्याराज्यांत निरनिराळी असल्याने आपल्या विभागीय कार्यालयात चौकशी करावी. तीन फेज घेतल्यास ओझे तिन्हींवर सारखे वाटलेले असावे आणि न्यूट्रलचा सांधा अत्यंत घट्ट असावा. तो सुटला तर घरातील काही यंत्रांवर २३० च्या ऐवजी ४०० च्या जवळपास व्होल्ट येऊन ती जळू शकतात.

काम पुरे झाल्यावर ठेकेदाराला दोन गोष्टी मोजून दाखविण्यास सांगावे : तारांच्या आवरणाचा रोध, जो मेगर या यंत्राने ५०० व्होल्टवर निदान एक मेगओहम भरला पाहिजे, आणि अर्थिंगचा रोध. दोन्ही आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. वस्तू घेताना भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस.आय. चिन्ह पाहावे आणि पावती जपून ठेवावी.

काही खुणा मात्र अशा आहेत की, त्या दिसताच भाराचा हिशेब मांडीत बसण्याइतकाही विलंब करू नये. पंप सुरू होताच दिवे एकदम मंदावणे, फळीला हात लावला असता ती कोमट लागणे, प्लगची भोके तपकिरी होणे, जळक्या रबराचा किंवा माशासारखा वास येणे, फ्रिजला किंवा नळाला हात लागताच झिणझिण्या येणे — यांपैकी एकही खूण दिसली तरी मुख्य स्विच बंद करून जाणकाराला बोलवावे. वितरण कंपनीकडे तक्रार नोंदविण्यासाठी १९१२ हा क्रमांक देशभर चालतो. कोणाला धक्का बसलाच तर आधी पुरवठा तोडावा, त्यापूर्वी त्या माणसाला उघड्या हाताने स्पर्श करू नये. आणि विजेच्या आगीवर पाणी कदापि ओतू नये.

नवी पेटी, योग्य जाडीच्या तारा आणि उत्तम अर्थिंग यांना खर्च येतो हे खरे. तो एकदम झेपत नसेल तर टप्प्याटप्प्याने करावा. सर्वप्रथम अर्थिंग आणि आर.सी.सी.बी., कारण त्यांचा संबंध थेट प्राणाशी आहे. त्यानंतर गिझर व वातानुकूलक यांच्यासाठी पेटीतून स्वतंत्र तारा. मग वर्ष-दोन वर्षांत उरलेल्या जुन्या तारा. तोवर नवे जड यंत्र घेण्याचे लांबणीवर टाकावे, आणि इस्त्री व गिझर एका वेळी लावू नयेत. एवढे पथ्य पाळण्यास पैसा लागत नाही.

वीज ही मुक्या सेवकासारखी आहे. तिच्यावर किती ओझे घालावे हे ती आपण होऊन सांगत नाही. तिच्या वतीने बोलतो तो दाराआडचा लहानसा स्विच. तो पडला तर रागावू नये आणि त्याचे तोंड बंद करू नये. त्याचे म्हणणे ऐकावे, कारण शोधावे, आणि मगच तो पुन्हा वर करावा.